तिठ्यावरचा चोथा

लाई शुईयिंग वैद्यबाई सकाळी दवाखान्याकडे निघाली की वाटेत चोथा वाचायची. तिच्या वयाची बाकीची माणसं चालता चालता फोनवर बातम्या वाचतात. ही छत्रीच्या टोकाने रस्त्यावरचा चोथा उलटापालटा करायची आणि मगच पुढे जायची.

आमच्या नदीकाठच्या गावात घरोघरी काढे उकळतात आणि उरलेला चोथा कुणी केरात टाकत नाही. तो नेऊन तिठ्यावर, रस्त्याच्या मधोमध ओततात. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तुडवला की दुखणं त्यांच्या तळपायांना लागून घरापासून लांब जातं, अशी समजूत आहे. आता आपले तळपाय कुणाला जड झालेत? चोथा दिसला की शहाणासुरता माणूस वळसा घालतो, आया पोरांना कडेवर उचलून घेतात, आणि ज्याच्या दुचाकीचं चाक त्यावरून गेलं तो दिवसभर उगाच खोकून बघतो. शुईयिंगला हा सगळा बावळटपणा वाटायचा. तसं ती भर रस्त्यात बोलूनही दाखवायची.

वाचायची मात्र आवडीने. दोन चकत्या, एक साल, चार देठ बघितले की कुणाच्या घरी खोकला मुरलाय, कुणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, हे तिला समजे. एका कापडवाल्याच्या घरचा चोथा वाचून तिने त्याला बाजारात चारचौघांत सांगितलं होतं, की बाबा, या वयात जोर वाढवायची औषधं घेण्यापेक्षा दुपारी जरा झोपत जा. कापडवाला पुढे बरेच दिवस दुसऱ्या गल्लीने ये-जा करत होता.

ती मूळची नदीच्या वरच्या अंगाच्या एका खेड्यातली. नकळत्या वयात या गावी आली ती एका म्हाताऱ्या वैद्याकडे सुया टोचायला शिकायला. तिच्याबरोबर लुओ छीवन नावाचा एक मुलगा शिकायला होता. तो पानंसुद्धा तराजूत तोलून घ्यायचा आणि ही मूठ भरून टाकायची. "तू एक दिवस माणूस मारशील," असं तो म्हणायचा. "आणि तुझा माणूस तुझं औषध लागू पडायची वाट बघत बघत आपोआप मरेल," असं ही. गुरू गेला तेव्हा ही भांडणं गमतीची राहिली नाहीत. लुओने पुलापलीकडे दवाखाना थाटला, हिने अलीकडे धान्य-गोदामाच्या गल्लीत. दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं टाकलं ते टाकलंच.

तिचा दवाखाना म्हणजे एक खोली, दोन बाकडी, तुंबड्या लावायचे काचेचे पेले आणि वाळक्या पाल्याच्या धुरीने पिवळं पडलेलं छत. माणूस यायचा, काही न बोलता छोट्या उशीवर मनगट ठेवायचा आणि बघत बसायचा. काय होतंय ते आपण सांगायचं नाही, वैद्याने सांगायचं, ही आमच्याकडची परीक्षा. शुईयिंग तीन बोटं ठेवायची, डोळे मिटायची, आणि मग अशी काही उलटतपासणी घ्यायची की परीक्षा घ्यायला आलेला माणूस चोरून प्यालेल्या पेल्यांपर्यंत सगळं कबूल करायचा. तिची जीभ गावात प्रसिद्ध होती. मध्यंतरी तापाची ती मोठी साथ आली, तिच्यात तिला वास येईनासा झाला आणि तोंडाची चवही गेली. दोन्ही पुन्हा आली नाहीत. मिरची आणि मध तिला सारखेच लागायचे. पण बोलण्यातला तिखटपणा जागच्या जागी होता.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी तिठ्यावर, गोंगच्या शेवयांच्या गाडीपासून चार हातांवर, तिला नवा चोथा दिसला. तिने छत्रीचं टोक घातलं आणि तिथेच थबकली.

कचोऱ्याच्या काळपट चकत्या होत्या. सापाच्या जिभेसारखा दुहेरी शेंडा असलेली ती बारीक गवताची काडी होती. कासवाच्या कवचाचे तुकडे होते. हे खोकल्याचं औषध नव्हतं, बाळंतिणीचं नव्हतं. हे पोटातल्या गाठीचं औषध होतं आणि तेही गाठ बरीच वाढल्यावरचं. त्यात फुगलेली लाल बोरं होती. एवढ्या जहाल दुखण्यावर, घशाला कडू लागू नये म्हणून गोड बोरं टाकणारा वैद्य या पंचक्रोशीत एकच होता.

"लुओ!" ती रस्त्यात मोठ्याने म्हणाली.

तिचा असा संताप झाला की विचारू नका. आपल्या गल्लीतला माणूस, आपल्या दाराशी, एवढं मोठं दुखणं घेऊन पूल ओलांडून लुओकडे जातो! आणि लुओ काय देतो, तर चिमूटभर हे, चिमूटभर ते. पण राग ओसरल्यावर खाली जे उरलं ते वेगळं होतं. या गल्लीतलं प्रत्येक मनगट तिच्या बोटांखालून गेलेलं होतं. यातलं कोण एवढं आजारी होतं, आणि आपल्याला कसं कळलं नाही?

त्यानंतर रोज सकाळी तिथे तोच चोथा. थोडे दिवस गेले की एखादी काडी वाढलेली, एखादी साल कमी झालेली. त्या फरकांवरून तिला दुखणं वाचता येत होतं. आता माणसाला झोप येत नाही. आता पायांना सूज येतेय. लुओ वाढत्या पाण्यासमोर हाताने बांध घालत होता.

"बाई, माझ्या गाडीसमोर असं वाकून बसू नका हो," गोंग एकदा म्हणाला. "गिऱ्हाइकांना वाटतं, शेवयांत काही निघालं."

शुईयिंगने वर पाहिलं. गोंगचा चेहरा पिवळट दिसत होता. गालफडं बसलेली. ती उठली, गाडीवरून हात घालून तिने त्याचं मनगट धरलं. त्याच्या दुसऱ्या हातात झारा होता, त्यातून मिरचीचं तेल गळत होतं.

"अहो, अहो! काय करताय? लोक बघतायत!"

"गप्प उभा राहा. जीभ काढ."

"वैद्यबाई, शेवया गार होतायत!"

"जीभ काढ म्हणते ना!"

गोंगने जीभ काढली. बाकावर बसलेली तीन माणसं खायची थांबली. शुईयिंगने दोन्ही मनगटं नीट पाहिली. नाडी ठणठणीत होती. थोडी दारू, बरीचशी काळजी, बाकी काही नाही.

"तुला काही झालेलं नाही," ती हात सोडत म्हणाली. "मग तो चोथा कोण टाकतं? तू पहाटेपासून इथे असतोस. तुला दिसत असणारच."

गोंगच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंग गेला. त्याने झारा तेलात बुडवला, काढला, परत बुडवला. "मी खाली मान घालून काम करतो, बाई," तो म्हणाला. "कोण येतं, कोण जातं, मला नाही ठाऊक."

"लुओने तुमची सगळ्यांची तोंडं शिवलीत की काय?" असं म्हणून ती तरातरा निघून गेली. मागे बाकावरच्या तिघांपैकी कुणी हसलं नाही. हे तिला जाणवलं, पण त्याचा अर्थ लावायला ती थांबली नाही.

त्या संध्याकाळी जेवताना तिने सगळं नवऱ्याला सांगितलं. बाओगन जन्मभर मालवाहू ट्रक चालवून आता घरी बसलेला. मुलगी यानलिंग दक्षिणेकडच्या मोठ्या शहरात नोकरीला. घरात ही दोघंच. स्वयंपाक बाओगनचा. सकाळी तिच्यापुढे न्याहारी आणि तिच्या अधू पोटाच्या औषधाचा वाडगा ठेवायचा, हेही त्याच्याकडे. बोलायचं काम तिचं आणि ऐकायचं त्याचं, अशी संसाराची वाटणी लग्नापासून ठरलेली होती.

"एवढी कीव येते मला त्या माणसाची," ती मासा निवडत म्हणाली. "लुओ एक तसला, आणि उकळणारा त्याहून बावळट. अरे, कासवाचं कवच असं अख्खं टाकतात का? ते आधी खलबत्त्यात कुटायचं, एकटंच उकळत ठेवायचं, चांगलं मऊ होईस्तोवर. मग बाकीचं घालायचं. हा शहाणा सगळं एकदम ढकलतोय भांड्यात. कवचातलं काही उतरतच नसेल त्यात. घरचीच माणसं आळसानं मारतायत त्याला."

बाओगन भात चिवडत होता.

"माणूस कोण का असेना," ती पुढे म्हणाली, "फार दिवस नाहीत त्याचे. ते औषध वाचलं की कळतं. लुओनं हात टेकलेत. घरच्यांचं समाधान म्हणून लिहितोय तो आता. येत्या कंदिलांच्या सणाचे कंदील नाही बघत तो माणूस. घे, मी पैज लावते."

बाओगनच्या हातातली जेवायची एक काडी खाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि बराच वेळ टेबलाखालीच राहिला. मग उठून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला.

"अरे, जेवण अर्धं टाकून भांडी काय घासतोस?" तिने ओरडून विचारलं.

"काडी धुतोय," आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिठ्यावर आली आणि चोथ्यात छत्री घातली. कवच कुटलेलं होतं. बारीक, एकसारखं, आणि कडांना मऊ झालेलं. चांगलं तास-दीड तास एकटं उकळल्याशिवाय कासवाचं कवच असं होत नाही. "चला, कुणीतरी अक्कल शिकवली," ती खुशीत म्हणाली आणि दवाखाना उघडला.

पहिली पेशंट होती यू आजी, गोंगची आई. कंबर धरलेली. शुईयिंगने तिला पालथं झोपवलं, कंबरेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी जागा चाचपल्या आणि सुई टोचली. दुसरी सुई बोटांत धरली आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.

अक्कल कुणी शिकवली?

कवच कुटावं, आधी उकळावं, हे तिने काल बोलून दाखवलं होतं. जेवताना. आणि त्या वेळी ऐकायला घरात एकच माणूस होता.

"टोच की गं," यू आजी पालथीच म्हणाली. "झोप लागली का तुला?"

शुईयिंगने सुई टोचली. उरलेल्या सगळ्या टोचल्या, फिरवल्या, वेळ झाल्यावर काढल्या. हात सवयीने चालत होते. डोक्यात मात्र एकच गोष्ट घणासारखी बसत होती: चोथा बाओगन टाकतो. पहाटे माझं पोटाचं औषध उकळायला गोंगच्या चुलीवर जातो, तिथेच स्वतःचाही काढा उकळतो, तिथेच चोथा टाकतो. बाओगनच्या पोटात गाठ आहे आणि तो माझ्यापासून लपवतोय. इतक्या वर्षांचा नवरा, रोज शेजारी झोपणारा, आणि मी त्याची नाडी शेवटची कधी पाहिली? आणि काल रात्री मी त्याच्या तोंडावर त्याचा मृत्यू सांगितला, मासा निवडता निवडता, पैज लावून!

तिने दाराला कडी घातली. बाहेर दोन पेशंट बसले होते, त्यांना "उद्या या" एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून शिवी आली नाही म्हणून ते दोघे घाबरून उठले.

घरी बाओगन वेताच्या खुर्चीत झोपला होता. तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला. ती त्याच्या पायाशी बसली, तो हात मांडीवर घेतला आणि तीन बोटं ठेवली.

नाडी बैलासारखी होती. ती पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. वरून दाबली, खोल दाबली. दुसरा हात घेतला. या माणसाला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. सुटकेने तिला रडू फुटणार तेवढ्यात बाओगनने डोळे उघडले. त्याने आपल्या मनगटावरची तिची बोटं पाहिली. आणि त्याचा चेहरा असा झाला, की इतक्या वर्षांत तिने तो तसा पाहिला नव्हता.

"चोथा तू टाकतोस," ती म्हणाली.

त्याने हात सोडवून घेतला.

"तुला काही नाहीये. मी पाहिलं. मग ते औषध कुणाचं? यानलिंगचं? पोरीला काही झालंय का? बोल, मेल्या!"

"यानलिंग बरी आहे."

"मग?"

 त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली गेली आणि तिच्या पोटापाशी थांबली. मग पटकन खिडकीकडे वळली.

शुईयिंगला आधी काहीच कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं. या उन्हाळ्यात बाओगनने तिचं पोटाचं औषध घरी उकळायचं सोडून गोंगच्या चुलीवर उकळायला सुरुवात केली होती. कोळशावर चांगलं मुरतं, म्हणाला होता. रोज सकाळी थर्मासमधून तिच्या वाडग्यात ओतत होता. तिला ना वास, ना चव. रात्रीची उडालेली झोप आणि पायांची सूज तिने वयावर ढकलली होती. वसंतात ती दवाखान्यात चक्कर येऊन पडली होती, तेव्हा यानलिंग येऊन तिला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली होती. तपासण्या झाल्यावर तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मुलीला आत बोलावलं. बाहेर येऊन मुलगी म्हणाली, पित्ताशयाला सूज आहे, आई. मोठं दुखणं निघालं की घरच्यांना आत बोलावतात आणि माणसाला बाहेर बसवतात, ही आमच्याकडची रीत. शुईयिंगला ती ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? तिने स्वतः कितीतरी घरांत दाराआड नेऊन सांगितलं होतं: म्हाताऱ्याला बोलू नका, सूज आहे म्हणा. तरी त्या बाकावर बसून तिने मुलीचं बोलणं खरं मानलं होतं.

तिने डाव्या मनगटाकडे उजवा हात नेला.

बाओगनने झडप घालून तिची बोटं आपल्या मुठीत धरली. "नको," तो म्हणाला. "शुईयिंग, नको बघूस. पाया पडतो तुझ्या."

"सोड."

"नको ना गं."

"हात सोड, बाओगन."

त्याने सोडला. तिने तीन बोटं ठेवली. लोकांची मनगटं धरण्यात आयुष्य गेलं, पण आपण आपली नाडी बघायची नसते, गुरूने शिकवलेलं, म्हणून तिने कधी पाहिली नव्हती. आता पाहिली. डोळे मिटायची गरजही पडली नाही. ज्याला ती महिनाभर तिठ्यावर शोधत होती, तो माणूस तिथे, तिच्या बोटांखाली होता.

 बाओगन हळूहळू बोलत होता, आणि शब्द येऊन तिच्यावर आपटत होते. डॉक्टर म्हणाले, कापण्यापलीकडे गेलंय. यानलिंग म्हणाली, आईला सांगायचं नाही, आई वैद्य आहे, तिला सगळं माहीत आहे, ती आशाच धरणार नाही. मग बाओगन पूल ओलांडून लुओकडे गेला. ज्याचं नाव घरात घ्यायची चोरी, त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"त्यानं नाडी बघितल्याशिवाय लिहिलं?" तिने विचारलं. इतक्या धक्क्यातही तिचा धंदा जागा होता.

"बघितली. त्या लग्नात."

शुईयिंगला आठवलं. वसंताच्या शेवटी एका लग्नाच्या पंगतीत लुओ अचानक समोर आला होता, काय कशी आहेस म्हणत त्याने तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. तिने त्याला दोनशे माणसांसमोर लंपट म्हातारा म्हटलं होतं. तो मान खाली घालून मनगट धरूनच उभा होता. सगळ्यांनी ऐकलं होतं. 

"गोंगला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"हो."

"त्याच्या आईला?"

"हो."

"आणखी कुणाकुणाला?"

"सगळ्यांना," बाओगन म्हणाला. "गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे."

म्हणजे महिनाभर ती ज्यांना सुया टोचत होती, ज्यांच्यावर ओरडत होती, कंबर दुखते म्हणून रडतोस काय असं ज्यांना हिणवत होती, त्यांतला प्रत्येक जण तिच्या बाकड्यावर पडून तिच्याकडे बघत होता आणि त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या वैद्याला! तिला लाजेने आणि रागाने घाम फुटला. तिने समोरचा थर्मास उचलून भिंतीवर मारला. तो फुटला नाही, फक्त चेपला आणि घरंगळत जाऊन दारापाशी थांबला.

"मी ते औषध पिणार नाही," ती म्हणाली. "एक घोटही नाही. त्या दुखण्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे. तू आणि लुओ मिळून माझी भातुकली मांडलीत इतके दिवस, ती पुरे झाली."

"शुईयिंग—"

"पुरे म्हटलं ना!"

बाओगनने समजावलं, यानलिंग फोनवर रडली, पण तिचं उत्तर बदललं नाही. जे कळलं होतं त्यापेक्षा, ते इतरांना आधी कळलं होतं याचं तिला जास्त लागलं होतं. असं रात्री झोपताना ती स्वतःशी म्हणाली, आणि ते खरं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं. तिला भीती वाटत होती. साधी भीती.

पहाटे बाओगन नेहमीसारखा उठून गेला. उजाडल्यावर परतला तो चेपका थर्मास आणि आज चोथ्याचं भांडंही घेऊन. त्याने वाडगा तिच्यापुढे ठेवला आणि ओतायला लागला.

"ओतू नकोस," ती म्हणाली.

त्याने थर्मास बंद केला, काखोटीला मारला, चोथ्याचं भांडं उचललं आणि पुन्हा बाहेर पडला. तिचं डोकं फिरलं. औषध पीत नाही म्हटल्यावरही हा माणूस तो चोथा तिठ्यावर मिरवायला निघाला? गावभर झालं तेवढं पुरे नाही? कोपऱ्यातला झाडू घेऊन ती त्याच्या मागोमाग निघाली. चोथा ओतला की त्याच्यासमोर झाडून केरात टाकायचा, आणि त्यालाही दोन शब्द सुनावायचे, असं तिने ठरवलं होतं.

गल्लीच्या वळणावर ती थांबली, कारण दम लागला. तिथून तिठा दिसत होता. बाओगनने रस्त्याच्या मधोमध भांडं उपडं केलं, तळावर थापटी मारली आणि बाजूला सरला.

गोंग गाडीमागून निघाला. फडक्याला हात पुसले. मग चोथ्यावर जाऊन उभा राहिला, दोन्ही पायांनी, आणि शेवयांचं पीठ मळावं तसा तो नेटाने तुडवायला लागला. शुईयिंगला वाटलं, याला दिसलं नाही की काय! हा गोंग असा, की मयताच्या घरावरून जाताना श्वास रोखून पळणारा. बाकावरची माणसं उठली. हातातले वाडगे घेऊनच आली. एक झाला की दुसरा. शाळेत चाललेल्या पोराचा हात धरून एक बाई आली. पोराला तिने फुटपाथवर उभं केलं, स्वतः येऊन तुडवून गेली आणि पोराला घेऊन चालू लागली. झाडूवाली आली, तिने झाडू भिंतीला टेकवून ठेवला आणि तीही त्यावरून चालली. कुणाची वाट तिथून जात नव्हती. सगळे आपापली वाट सोडून, वाकडे येऊन पाय ठेवत होते.

शुईयिंग खांबाला धरून उभी होती.  मग तिचा आवाज फुटला, आणि तो तिचाच, जुना आवाज होता.

"अरे मूर्खांनो! अकला गहाण टाकल्यात का? घरी बायकापोरं आहेत ना तुमची? व्हा बाजूला! व्हा म्हणते ना!"

सगळे दचकले. ती झाडू उगारत मधोमध आली. बाओगन रिकामं भांडं घेऊन पुढे आला. गोंगने आधी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे.

"आता ओरडून काय उपयोग, बाई?" तो म्हणाला. "उन्हाळा लागल्यापासून तुडवतोय आम्ही."

तिने झाडू खाली टेकवला, चोथा गोळा करायला. तेवढ्यात काठी टेकत, कंबर धरून, यू आजी येऊन तिच्यासमोर उभी राहिली. तिच्या एका पायात चप्पल होती, दुसरी ती हातात घेऊन आली होती. तिने ती खाली टाकली आणि पाय सरकवला.

"जरा सरक बाई," आजी म्हणाली. "माझं व्हायचंय अजून."

शुईयिंगने झाडू उचलला. ती सरकली. आजी काठीवर भार देऊन चोथ्यावर चढली आणि एक एक पाय उचलून सावकाश तुडवू लागली. दर वेळी कंबरेतून कळ येत होती आणि दर वेळी ती तोंडाने हूं करत होती.

शुईयिंगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. तिने बाओगनकडे हात पुढे केला.

"थर्मासमध्ये आहे का अजून, की ओतलंस?"

"आहे," बाओगन म्हणाला. "गरम आहे."

"दे."

वाडगा गोंगने दिला, शेवयांचा, पुसून. भर रस्त्यात, उभ्या उभ्या तिने औषध प्यायलं, आणि आजी तुडवत राहिली.